गुण कशाने आला?

श्रावण सरता सरता येवल्याहून एका गृहस्थांचा फोन आला. ओळख ना पाळख. माझा नंबर कोणी दिला ते त्यांनी सांगितले, पण ते नाव मलाही परकेच होते. नमस्कार झाले, पाऊसपाणी झाले, मग ते जरा घुटमळले आणि म्हणाले, "तुमच्या ताईंना गुण आला असं कळलं. कशाने आला?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला आहे. प्रत्येकाला मी काही ना काही उत्तर दिले, आणि नंतर प्रत्येक वेळी मला वाटत राहिले की आपण पुरते खरे बोललो नाही. खोटे बोललो असेही नव्हे. सराफ बाजारातून गोदेकडे उतरणारे जे चिंचोळे बोळ आहेत, तसा एक बोळ खरे आणि खोटे या दोन घरांच्या मधूनही जातो. त्यातून मी अंग चोरून निघून येत असे. दिवाळीच्या अंकात हा विषय काढावा की नाही, याचा मी थोडा विचार केला. पण फराळाला चार माणसे जमतात त्या घरात एखादे तरी माणूस असे असते, की ज्याच्याविषयी स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलणे चालते. तेव्हा विषय कोणाला अगदीच परका वाटणार नाही.

ताईला स्तनाचा कर्करोग झाला होता. आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारला नाही. 'तिचं ते', 'तो आजार' आणि पुढे पुढे 'मुंबईचं काम' अशी त्याची नावे पडली. शस्त्रक्रिया झाली आणि मग दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध घेण्याच्या खेपा सुरू झाल्या. पहाटे उठायचे, नाशिकरोडला पंचवटी एक्सप्रेस पकडायची, दादरला उतरायचे आणि परळ गाठायचे. तिसऱ्या खेपेपर्यंत ताईचे केस गेले होते, तोंड आले होते, पाण्याचा घोटदेखील झोंबत असे. त्याच दिवसांत माझा एक जुना विद्यार्थी तिला भेटायला आला. त्याने पिशवीतून एक लहानशी तपकिरी बाटली काढली आणि प्रसाद ठेवावा तशी तिच्या उशाशी ठेवली.

हा मुलगा मधमाश्या पाळतो. माघ-फाल्गुनात बियाण्यासाठी लावलेला कांदा फुलला, की निफाड-चांदवडकडचे शेतकरी त्याच्या पेट्या भाड्याने नेतात. माश्या फुलांवर फिरल्याखेरीज बी नीट धरत नाही. बाटलीत मात्र मध नव्हता. मधमाश्यांची राळ त्याने स्पिरिटात विरघळवून आणली होती. "सर, परदेशात यावर केवढं संशोधन चाललंय! कॅन्सरच्या पेशी मरतात याने," तो म्हणाला. हे सारे आपल्या ऋषिमुनींना आधीच ठाऊक होते, अशी पुस्तीही त्याने जोडली.

तो लबाड असता तर माझे काम सोपे झाले असते. पण त्याने पैसे घेतले नाहीत. एवढी राळ जमवायला किती पेट्या खरवडाव्या लागतात हे मला ठाऊक आहे. त्याने ती जिवापाड जपून, वस्त्रगाळ करून आणली होती.

या राळेविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण वस्तू मोठी नवलाची आहे. बाजारात तिला प्रोपोलिस म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'पोलिस' म्हणजे नगर. नगराच्या वेशीवरची वस्तू. माशी झाडाच्या कळ्यांवरचा, सालीतून पाझरणारा चीक मागच्या पायांवरून वाहून आणते, त्यात मेण मिसळते आणि घराच्या फटी बुजवते. वारा शिरू नये, ओल येऊ नये, बुरशी धरू नये म्हणून. साधारण निम्मी राळ, तीस टक्के मेण, आणि उरलेल्यात सुगंधी तेले, पराग वगैरे. उन्हाळ्यात ती हाताला चिकटते, थंडीत काचेसारखी तडकते. पेटीचे झाकण लोखंडी पट्टीने उचकटले की कट् असा आवाज होतो, तो तिचाच.

तिची एक गोष्ट मी वर्गातल्या मुलांना नेहमी सांगतो. पेटीत कधी उंदीर शिरतो. माश्या त्याला डंख मारून मारतात, पण एवढे थोरले मढे बाहेर ओढून नेणे त्यांच्या ताकदीबाहेरचे असते. आत कुजले तर घरच नासायचे. मग त्या सगळ्या मिळून त्याला राळेने लिंपून काढतात. उंदीर आतल्या आत सुकतो, पण कुजत नाही, आणि घर नांदते राहते. मुले हे ऐकून तोंडे वाकडी करतात. ताईच्या आजारपणात मला ती गोष्ट वेगळीच वाटू लागली. जे बाहेर काढता येत नाही ते लिंपून ठेवायचे, हे आम्हीही करीत होतोच. 'मुंबईचं काम' हा शब्द आमच्या घरची राळच होती.

ऋषिमुनींचे म्हणाल, तर सुश्रुताने मधाचे आठ प्रकार सांगितले आहेत आणि व्रणावर मध-तुपाचा उपयोगही सांगितला आहे. ती विद्या मोठी खरीच. पण आपल्या सह्याद्रीतली सातेरी माशी, महाबळेश्वरच्या मधपाळांनी जिला पेट्यांतून नांदवले ती, ही राळ वापरीत नाही म्हटले तरी चालेल. फुलोरी माशी पोळ्याच्या फांदीवर चिकाचे कडे करते, मुंग्यांनी यायचे नाव घेऊ नये म्हणून. पोया माशी तर राळ कालवूनच घर बांधते. पण पट्टीने खरवडून बाटल्या भराव्यात इतकी राळ देते ती मेलिफेरा माशी, आणि ती युरोपातली. आपल्या देशात ती १९६२ पासून पुढे हिमाचलातल्या नगरोट्याला धरली आणि मग इतरत्र पसरली. म्हणजे बाटलीतली राळ ऋषींना ठाऊक असण्यापेक्षा माझ्या वडिलांना ठाऊक असण्याचा संभव अधिक. आपल्याकडे औषधाला वय लावल्याखेरीज त्याच्यावर विश्वास बसत नाही, त्याला इलाज नाही.

संशोधनाची गोष्ट मात्र खोटी नव्हती. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. आमच्या शाळेतल्या शास्त्राच्या बाईंपुढे बसून मी ती समजून घेतली. १९८८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी या राळेतून एक द्रव्य वेगळे काढले. नाव लांबलचक आहे, कॅफेइक ॲसिड फिनेथिल एस्टर. काचेच्या तबकडीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर ते घातले तर त्या पेशी मरतात, आणि निरोगी पेशींना तेवढी इजा होत नाही असे दिसले. पुढे देशोदेशी त्यावर पुष्कळ काम झाले, अजून चालू आहे. हे सारे खरे. पण तबकडी म्हणजे माणूस नव्हे. तबकडीत औषध थेट पेशीवर पडते. पोटात गेलेल्या थेंबाला आतडे आणि यकृत ओलांडून, रक्तात मिसळून, त्या एका गाठीपर्यंत पोचायचे असते, आणि वाटेतच त्याचे तुकडे होतात. बाई म्हणाल्या, "नुसतं स्पिरिट घातलं तरी तबकडीतल्या पेशी मरतीलच की!" शिवाय झाड बदलले की राळ बदलते. युरोपातल्या माश्या ती पॉपलरच्या कळ्यांवरून आणतात. ब्राझीलमध्ये एका झुडपापासून हिरवी राळ होते, तिच्यातले मुख्य द्रव्य निराळेच. न्यूयॉर्कच्या तबकडीत जे घडले ते निफाडच्या बाटलीत घडावे, असा काही नेम नाही. माणसांवर झालेले प्रयोग लहान आहेत. त्यांतल्या काहींत या उपचारांनी येणारे तोंड राळेच्या चुळांनी थोडे कमी झाले असे आढळले. कर्करोग बरा झाला असे कुठल्याही भरवशाच्या प्रयोगाने दाखवलेले नाही. काही जणांच्या अंगावर ती उठते, हेही लक्षात ठेवावे लागते.

यावर कोणी म्हणेल, की झाडपाल्यातूनच औषधे निघतात ना? निघतात. आमच्या आळीत एक काका रोज सकाळी कुंपणाची सदाफुली तोडून पाने चावतात, मधुमेहावर. जमैकातही लोक तिचा काढा मधुमेहासाठी घेत. तिथून ती पाने १९५२ साली कॅनडात पोचली आणि नोबल व बीअर या दोघा शास्त्रज्ञांनी ती तपासली. साखर काही उतरली नाही, पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्यातून १९५८ च्या सुमारास व्हिनब्लास्टिन हाती आले, आणि पुढे त्याच पानांतून दुसऱ्या मंडळींनी व्हिनक्रिस्टिन काढले. रक्ताच्या कर्करोगाने जाणारी किती तरी मुले त्या औषधाच्या साह्याने आज वाचतात. पण ढीगभर पानांतून ते चिमूटभर निघते, मिलिग्रॅमने मोजून शिरेत देतात, आणि चुकून पाठीच्या कण्यात गेले तर माणूस दगावतो.

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आवारात बसलो असताना मला सदाफुलीची आठवण होई. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. सर दोराबजींकडे पैसा होता, विलायतेतले उपचार होते, काही म्हणजे काही कमी नव्हते. पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावच्या निधीतून हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. मेहरबाई अंथरुणावर होत्या तेव्हाही सदाफुली कुठल्या तरी कुंपणाला फुललेली होतीच. फूल होते, औषध नव्हते. मधली पंचवीस-तीस वर्षे, मोजमाप, चुका आणि पुष्कळ मेलेले उंदीर एवढे अंतर त्या दोहोंत होते. राळ आज त्या अंतरात कुठे तरी आहे. ती पलीकडे पोचेलही. मी तिला हसत नाही.

मुक्कामाच्या रात्री आम्ही दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत काढल्या. परगावचे रोगी आणि त्यांची माणसे तिथे उतरतात. संध्याकाळी जेवणे आटोपली की माणसे बोलू लागत, आणि मग पिशव्यांतून बाटल्या, पुड्या बाहेर येत. जळगावचे एक आजोबा गव्हांकुराचा रस सांगत. कोल्हापूरकडच्या एक बाई लक्ष्मणफळाची पाने वाटीत. कोणाजवळ गोमूत्राचा अर्क असे. मी त्या मंडळींकडे पाहत बसे आणि मनात चिडत असे. ही शिकलीसवरलेली माणसे, दिवसभर एवढ्या मोठ्या रुग्णालयात रांगा लावतात आणि रात्री हे!

पुढे माझ्या ध्यानात आले, की त्यांतली एकही बाटली रोग्याने आणलेली नव्हती. ती कोणी तरी दिलेली असे. दिराने, व्याह्यांनी, शेजारणीने, साहेबांनी. आजारी माणसाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपली रीत. एरवी आपण मोसंबी नेतो. पण या आजारापुढे मोसंबी न्यायची लाज वाटते. एवढ्या मोठ्या संकटाला एवढेसे फळ! मग माणूस काही तरी जबरदस्त शोधत फिरतो. औषध नेण्याची गरज रोग्याइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, नेणाऱ्याला असते. आपल्याला काहीच करता येत नाही हे सोसण्यापेक्षा जंगलातून पाने तोडून आणणे सोपे. माझा विद्यार्थी तेच करीत होता. आणि मी तरी काय निराळे केले?

बाटली ठेवून तो गेल्यावर ताईने मला विचारले, "तू वाचतोस, लिहितोस. खरं सांग, याचा उपयोग होतो का रे?"

तिच्या डोळ्यांकडे बघून माझ्या तोंडून निघाले, "होतो म्हणतात."

या 'म्हणतात'वर मी नंतर फार विचार केला आहे. आपल्या भाषेतली ही मोठी सोयीची क्रिया. तिला कर्ता लागत नाही. कोण म्हणतात, कशावरून म्हणतात, हे कोणी विचारीत नाही, आणि म्हणणारा मात्र नामानिराळा राहतो. त्या क्षणी मला खरे काय ते माहीत नव्हते, आणि 'मला माहीत नाही' हे सात अक्षरी सत्य माझ्या जिभेवर आले नाही, कारण तेसुद्धा रिकाम्या हातासारखेच वाटले. मीही माझी बाटली तिच्या उशाशी ठेवली.

चौथ्या खेपेची तारीख आली तेव्हा ताई म्हणाली, "या वेळी नको. थोडे दिवस हे थेंब घेऊन बघते." दाजींनी माझ्याकडे पाहिले. "तूच म्हणालास ना, उपयोग होतो म्हणून? तिने सगळ्यांना तेच सांगितलंय. मास्तर म्हणतो म्हणून." माझा कर्ता नसलेला शब्द घरभर फिरून आला होता, आणि येताना कर्ता घेऊन आला होता. तिची समजूत घालण्यात तीन आठवडे गेले. शेवटी ती आली. तिथल्या डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, बूच काढून वास घेतला, आणि रागावल्याशिवाय म्हणाले, "तोंडात जखमा आहेत, त्यावर स्पिरिट कशाला? आमच्या औषधांबरोबर हिचं काय होईल, त्याचाही भरवसा नाही. सध्या बंद ठेवा. आणि तारीख चुकवू नका." तेवढेच.

ताईने राळ थांबवली. बाटली मात्र उशाशी राहिली. माझा विद्यार्थी पुन्हा भेटायला आला तेव्हा "घेते रे बाबा, बरं वाटतं," असे तिने त्याला माझ्यासमोर सांगितले. तो गेल्यावर मी नुसता तिच्याकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, "एवढ्या लांबून येतो बिचारा. त्याला नको का बरं वाटायला?"

म्हणजे देणारा स्वतःच्या समाधानासाठी देतो आणि घेणारा देणाऱ्याच्या समाधानासाठी घेतो. मधल्यामध्ये सत्याला कोणी विचारीत नाही, आणि तरी सगळे प्रेमानेच चाललेले असते. हा व्यवहार वाईट म्हणावा तर कोणाचे वाईट चिंतले होते? चांगला म्हणावा, तर ते तीन आठवडे आहेत.

ताई आज बरी आहे. राहिलेल्या खेपा झाल्या, किरणोपचार झाले, आता ठरल्या वेळी तपासणीला जाते. आणि इथेच माझी पंचाईत होते. शेवट गोड झाला की मधल्या गोष्टीचा जाब कोणी मागत नाही. पण समजा शेवट तसा झाला नसता, तर? माझे वाक्य तेच, तिचे डोळे तेच, उशीर तेवढाच. फक्त मी त्या घरात पुन्हा तोंड दाखवू शकलो नसतो. केवळ नशिबाने साथ दिली म्हणून एकच कृती निर्दोष ठरते, हे माझ्या मनाला काही केल्या पटत नाही. त्या तीन आठवड्यांनी आतल्या आत काय केले, काही केले की नाही, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

आणि गोष्ट एवढ्यावर थांबली नाही. ताईला गुण आला ही बातमी बाटलीबरोबर फिरू लागली. माझा विद्यार्थी खोटे बोलत नाही. "सरांच्या ताईंनी घेतली होती आणि त्या बऱ्या झाल्या," एवढेच तो सांगतो. दोन्ही वाक्ये अक्षरशः खरी आहेत. मधल्या 'आणि'ने घात केला आहे. कर्करोग बरा करण्याची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. पण तो कायदा वर्तमानपत्रातल्या जाहिरातदाराला पकडतो. मावशी, शेजारी आणि मास्तर यांना पकडणारा कायदा अजून झालेला नाही, आणि होऊही नये. शिवाय लोक फोन करतात ते आमच्याकडे. ज्या घरी तीच बाटली नेली आणि माणूस गेले, त्या घरी कोणी फोन करून विचारीत नाही. सुतकाच्या घरी असे विचारायचे तरी कसे? म्हणून ज्यांना गुण आला त्यांचेच बोलणे गावभर ऐकू येते.

येवल्याच्या गृहस्थांना मी प्रथमच सगळे सरळ सांगितले. शस्त्रक्रिया, औषधाच्या खेपा, किरण. राळ तीनच आठवडे घेतली, त्या तीन आठवड्यांत उपचार लांबला, तो माझ्यामुळे. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे राळेने नाही?"

"राळेने आला असं मला म्हणता येत नाही."

फोनवर बराच वेळ शांतता होती. त्यांच्या मंडळींना तोच आजार होता. मुंबईची तारीख मिळाली होती, पण ती बाई जायला तयार नव्हती. बाटली त्यांनी आधीच आणून ठेवली होती. शेवटी ते म्हणाले, "मग मी तिच्यासाठी काय आणू?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि या वेळी मी तसे म्हणालो. मग सुचले म्हणून विचारले, "तारीख कधीची आहे? मनमाडला पंचवटी धरा. मी नाशिकरोडला चढतो. परळच्या रांगा मला पाठ आहेत."

भाद्रपदातल्या त्या सकाळी मी डबा शोधून त्यांच्यासमोर जाऊन बसलो. बाई पन्नाशीच्या असाव्यात, खिडकीशी, डोक्यावरून पदर. देवळाली सुटेपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. गृहस्थ चहा आणायला उठले तशी त्यांनी मांडीवरची पिशवी उघडली आणि मला आतली तपकिरी बाटली दाखवली.

"यांनी आणलीय," त्या हळूच म्हणाल्या. "ही घेऊ ना, मास्तर?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "आज डॉक्टरांना दाखवू. ते सांगतील तसं."

त्यांनी मान हलवली. "तोवर यांना काही बोलू नका. फार हिंडून आणलीय."

गृहस्थ तीन चहा सांभाळत, लोकांचे पाय चुकवत परत येत होते. त्यांनी पिशवीचे बंद ओढून घेतले आणि चहासाठी हात पुढे केला. बाहेर इगतपुरीचा पाऊस लागला होता.